किल्लेकोट आणि अडीच घरांची उडी

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक भरला होता. तेव्हा आमच्याकडच्या भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून एक वाक्य सारखे कानांवर पडत होते. बुद्धिबळ हा आपलाच खेळ, तो आता आपल्या घरी परत आला! ऐकायला छान वाटते. यापूर्वी विश्वचषक भारतात झाला होता तो २००२ साली, हैदराबादला. तिथे विश्वनाथन आनंदने अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या रुस्तम कासिमझानोवला हरवले होते. २३ वर्षांनी गोव्यात चषक उचलला तो मात्र उझबेकिस्तानच्याच जावोखिर सिंदारोवने. तेलंगणातल्या वरंगळचा अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि थांबला. असो. हारजीत व्हायचीच.

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. घरी परत आलेला हा खेळ आपल्या घरातून गेलेलाच खेळ आहे का? आणि नसेल, तर आपल्या घरात जो खेळ होता त्याचे आपण काय केले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. एक किल्लेकोट घेतला तरी पुरे. आता किल्लेकोट हा शब्दच कित्येकांना ठाऊक नसेल. मुले सरळ कॅसलिंग म्हणतात. जुन्या मराठी बुद्धिबळाच्या पुस्तकांत मात्र किल्लेकोट हाच शब्द आहे, आणि मला तो आवडतो. फक्त त्यात एक गंमत आहे. आपल्या मराठी पटावर किल्ला नाहीच! कोपऱ्यात उभा असतो तो हत्ती. इंग्रजांच्या पटावर त्या जागी बुरूज असतो, म्हणून त्यांचे ते कॅसलिंग, आणि त्यावरून आपला किल्लेकोट. सोंगटी आपली राहिली आणि शब्द त्यांच्या सोंगटीवरून आला. आमच्या गोव्यात पोर्तुगीज जाणणारी जुनी मंडळी याच चालीला 'रोक' म्हणायची. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन या साऱ्या भाषांत याच मुळाचा शब्द आहे. तो आला फारसी 'रुख'वरून, आणि रुख म्हणजे आपल्या चतुरंग सेनेतला रथ. म्हणजे रथ इराणात गेला, तिथून अरबांबरोबर युरोपात, आणि पोर्तुगीजांच्या गलबतातून मांडवीच्या काठी परत आला. येताना मात्र तो एक नवी चाल शिकून आला होता.

ती चाल कशी करतात हे आधी सांगतो. बुद्धिबळ जाणणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, पण त्यांनीही एकदा वाचावा असे माझे म्हणणे आहे. राजा आपल्या मूळ घरातून हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि तो हत्ती राजाच्या डोक्यावरून उडी मारून त्याच्या पलीकडच्या लगतच्या घरात बसतो. एकाच खेपेला दोन सोंगट्या हलवायची मुभा साऱ्या खेळात एवढीच. पांढऱ्याचा राजा ई-१ वरून जी-१ वर जातो आणि हत्ती एच-१ वरून एफ-१ वर येतो. हा लहान किल्लेकोट, लिहिताना ०-०. वजिराच्या बाजूला केला तर राजा सी-१ वर आणि हत्ती डी-१ वर. हा मोठा, ०-०-०. अटी अशा : राजा आणि तो हत्ती दोघेही त्याआधी एकदाही हललेले नसावेत. मध्ये दुसरी सोंगटी नसावी. राजाला त्या क्षणी शह नसावा. राजा ज्या घरावरून जाणार त्या घरावर आणि जिथे बसणार त्या घरावर शत्रूचा मारा नसावा. आणि स्पर्धेत खेळत असाल तर हात आधी राजाला लावायचा, तोही एकच हात. आधी हत्तीला शिवलात तर पंच हत्तीच हलवायला लावतील.

माऱ्याची अट फक्त राजापुरती आहे, हत्तीला ती लागू नाही. हत्तीवर मारा असला तरी किल्लेकोट चालतो. मोठ्या किल्लेकोटात हत्ती बी-१ या घरावरून जातो, त्या घरावर मारा असला तरीही चालतो. इथे भले भले अडखळतात. १९७४ साली मॉस्कोत कार्पोवविरुद्धच्या आव्हानवीर सामन्यात कोर्चनॉयसारखा खेळाडू २१ व्या डावात पंचांकडे गेला आणि विचारता झाला, माझ्या हत्तीवर मारा आहे, मी किल्लेकोट करू शकतो का? पंचांनी होकार दिला, त्याने किल्लेकोट केला आणि १९ चालींत तो डाव जिंकला! त्रेचाळीस वर्षांच्या वयाचा, आयुष्य पटावर घालवलेला माणूस. तेव्हा आपल्या पोरांनी विचारले तर त्यांच्यावर डोळे वटारू नयेत.

पण पोरे विचारत नाहीत, हीच तर माझी तक्रार आहे. हैदराबाद हे आज देशातल्या बुद्धिबळाच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक आहे. द्रोणावल्ली हरिका तिथल्याच एन. व्ही. एस. रामराजू यांच्या हाताखाली तयार झाली आणि २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. त्या शहरात गल्लोगल्ली क्लास आहेत. तिथे माझे एक मराठी स्नेही आहेत. घराणे मराठवाड्यातले, निजामाच्या काळात नोकरीनिमित्त गेलेले, शिक्षण विवेकवर्धिनीतले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि मग राज्याचा भाग होता, त्यामुळे अशी घरे तिथे पुष्कळ. त्यांचा नातू क्लासला जातो. एकदा मी तिथे असताना आजोबा नातवाशी खेळायला बसले. दहाएक चाली झाल्या आणि आजोबांनी आपला राजा उचलला तो घोड्यासारखा अडीच घरे उडवून प्याद्यामागे नेऊन ठेवला. नातू ओरडला, "आजोबा, हे इल्लीगल आहे! असं नाही करता येत."

आजोबा म्हणाले, "का बरं? तुझा राजा हत्तीला घेऊन दोन घरं पळतो ते चालतं, आणि माझ्या राजानं एकदा उडी मारली की चालत नाही?"

"पण ते कॅसलिंग आहे ना. तो रूल आहे."

"आणि हा रूल नव्हता का? आमच्या घरात सगळे असंच खेळायचे."

नातवाने काही क्षण विचार केला आणि म्हणाला, "सर सांगतात, दहा मूव्हच्या आत कॅसल करायचंच." का करायचे, हे त्याला ठाऊक नव्हते. आजोबांनी राजा परत जागेवर ठेवला. "नक्को रे बाबा, तू म्हणतोस तसं," असे म्हणून त्यांनी डाव पुढे चालू केला. पण त्यांचे मन मग त्यात राहिले नाही, हे मला दिसत होते.

ते आजोबा खोटे खेळत नव्हते, मंडळी. हिंदुस्थानात शेकडो घरांतून बुद्धिबळ असेच खेळले जात होते. राजाला शह लागलेला नसेल तर साऱ्या डावात एकदा, फक्त एकदा, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा असे. किल्लेकोट नव्हता. प्यादी पहिल्याच खेपेला दोन घरे धावत नसत, एकेक घर पुढे जात. प्यादे शेवटच्या घराला पोचले की ते ज्या सोंगटीच्या पट्टीत पोचले त्या सोंगटीचा मान त्याला मिळे. आजच्यासारखा उठसूट वजीर करता येत नसे. तपशील गावोगाव आणि घरोघर थोडे थोडे बदलत, आणि डाव मांडण्यापूर्वी 'तुमच्यात कसे खेळतात?' असे विचारून घ्यावे लागे. हा काही पुराणकाळ नव्हे. १९६० च्या दशकापर्यंत आपल्याकडे देशी पद्धती चांगल्या जिवंत होत्या. आंतरराष्ट्रीय नियम सगळीकडे रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते मॅन्युएल एरन १९६१ साली भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले. म्हणजे दोन पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट.

आता मूळ मुद्दा. राजाला अशी खास सवलत मुळात द्यावी तरी का? बाकी साऱ्या सोंगट्या आपापल्या चालीने चालतात. राजाच तेवढा एकदा नियम मोडून पळतो आणि त्यालाच नियम म्हणायचे!

याचे कारण राजात नाही, वजिरात आहे. जुन्या खेळात वजीर अगदी गरीब होता. तिरपे एक घर, बस्स. आज ज्याला आपण उंट म्हणतो त्या सोंगटीची चालही तिरपी दोन घरे उडी मारण्यापुरती होती. त्यामुळे हल्ला रांगत रांगत यायचा आणि राजा मध्यभागी आरामात बसायचा. तरीही युरोपात काही ठिकाणी राजाला एकदा उडी मारायची मुभा होती, कुठे दोन-तीन घरांची, कुठे चक्क घोड्यासारखी. मग पंधराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत, स्पेन आणि इटलीच्या बाजूला कुणीतरी वजिराला एकदम सगळ्या दिशा आणि सगळी घरे मोकळी करून दिली. उंटालाही पूर्ण तिरप्या पट्ट्या मिळाल्या. या नव्या खेळाची जी अगदी आरंभीची पुस्तके आहेत त्यांतले एक पेद्रो दामियानो नावाच्या पोर्तुगीज औषधविक्रेत्याचे, १५१२ साली रोममध्ये छापलेले. आल्बुकर्कने गोवा घेतला १५१० साली. त्याची शिबंदी मांडवीकाठी तळ ठोकून होती तेव्हा त्यांच्या मायदेशातला राणीचा खेळ नुकताच बदलून गेला होता.

एवढा बलाढ्य वजीर पटावर आल्यावर राजाचे काय झाले ते पाहा. डाव उघडायचा तर राजापुढचे आणि वजिरापुढचे प्यादे पुढे काढावे लागते, कारण त्याशिवाय उंट-वजीर बाहेर पडत नाहीत. म्हणजे आपणच आपल्या राजासमोरची भिंत पाडतो. मध्याच्या पट्ट्या मोकळ्या होतात आणि तिथेच राजा उभा! पाच-सात चालींत मात होऊ लागली. दुसरी अडचण हत्तीची. तो कोपऱ्यात अडकलेला, त्याला मध्याच्या मोकळ्या पट्टीवर आणायचे तर राजा वाटेत. एक सोंगटी बाहेर उघड्यावर आहे, तिला कोपरा हवा. दुसरी कोपऱ्यात आहे, तिला मध्य हवा. दोघांची अदलाबदल करून टाका, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटले. किल्लेकोट तो हाच. आधी राजाची उडी आणि हत्तीची चाल अशा दोन वेगळ्या चाली होत्या, त्या पुढे एकात मिसळल्या. एकमत व्हायला तरी किती काळ गेला! इटलीत तर राजा आणि हत्ती यांनी कुठल्या घरात बसायचे याची बरीच मोकळीक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होती. म्हणजे आज जो नियम ब्रह्मवाक्य वाटतो त्याचे घोंगडे तीन-चारशे वर्षे भिजत पडले होते.

हे कळले की त्या अटीही पाठ कराव्या लागत नाहीत. किल्लेकोट ही आधीपासून करायची तजवीज आहे, संकटातून सुटका नव्हे. म्हणून शह असताना करता येत नाही. राजा शत्रूच्या माऱ्याखालच्या घरात कधीच पाऊल टाकत नाही, आणि दोन घरे चालणे म्हणजे दोन पावले टाकणे, म्हणून मधले घरही सुरक्षित हवे. हत्तीला असे काही बंधन मुळातच नाही, तो माऱ्यात उभा राहू शकतो, म्हणून त्याला अट नाही. एवढे सांगितले असते तर त्या नातवाने आजोबांच्या उडीकडेही वेगळ्या नजरेने पाहिले असते.

कारण ती अडीच घरांची उडी म्हणजे त्याच दुखण्यावरचे आपल्याकडचे औषध. आपल्याकडेही वजीर कालांतराने पूर्ण ताकदीचा झाला आणि राजा उघड्यावर पडला. आपण राजाला एक उडी देऊन ठेवली. समजा जी पट्टीतले प्यादे एक घर पुढे सरकवलेत तर राजा ई-१ वरून थेट जी-२ वर, त्या प्याद्याच्या पाठीशी जाऊन बसतो. उंट आणि घोडा आधीच बाहेर काढले असतील तर एच-१ वरचा हत्ती पुढच्या चालीला सरळ मध्याकडे येऊ शकतो. किल्लेकोटात जे एका चालीत होते ते इथे दोन चालींत होते, एवढाच फरक. आणि प्यादी एकेक घर चालत असल्याने मध्य उघडायला वेळ लागे, त्यामुळे ती एक चाल परवडत असे. आमचे बापजादे काही वेडे नव्हते.

हैदराबादला किल्लेकोटावर बोलायचे आणि गोवळकोंड्याचे नाव घ्यायचे नाही, असे कसे होईल? १६७७ साली शिवाजी महाराज हैदराबादला आले, तेव्हा अबुल हसन कुतुबशहा आपल्या राजधानीत निर्धास्त होता. १६८५ साली मोगलांची फौज चालून आली, खुद्द कुतुबशहाचा सेनापती मीर मुहम्मद इब्राहीम शत्रूला जाऊन मिळाला, आणि सुलतानाने उघडी राजधानी सोडून रातोरात गोवळकोंड्याचा किल्ला गाठला. मागे हैदराबाद शहर लुटले गेले. पटावरच्या भाषेत सांगायचे तर मध्य फुटल्यावर घाईने केलेला किल्लेकोट! १६८७ साली औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला. आठ महिने किल्ला दाद देईना. शेवटी सप्टेंबरात आतल्याच एका सरदाराने, अब्दुल्ला खान पन्नीने, दरवाजा उघडला आणि खेळ संपला. अबुल हसनची रवानगी दौलताबादच्या किल्ल्यात झाली, कैदी म्हणून. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात.

बुद्धिबळ खेळणाऱ्याला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. किल्लेकोट केला म्हणजे राजा सुरक्षित झाला, ही समजूत अर्धीच खरी. पुढे तीन प्यादी उभी असतात ती शत्रूला अडवतात, पण ती राजालाही अडवतात. शेवटच्या पट्टीवर शत्रूचा हत्ती उतरला की राजाला पळायला जागा नसते आणि तो आपल्याच प्याद्यांच्या आड मरतो. नवशिक्यांचे किती डाव या एकाच मातीने जातात! म्हणून जाणते खेळाडू वेळ मिळाला की एखादे प्यादे एक घर पुढे सरकवून राजाला खिडकी करून ठेवतात. 'दहा चालींच्या आत किल्लेकोट कर' हा सल्ला चांगला आहे, पण का करायचा हे न सांगता दिला तर ते कर्मकांड होते. कर्मकांड करणाऱ्याला खिडकी सुचत नाही.

देशी खेळातून विलायती खेळात आपण कसे आलो, याचा इतिहास मोठा रंजक आहे आणि त्यात रडण्यासारखे मला तरी फार काही दिसत नाही. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी शेकड्यांनी डाव खेळला. देशी पद्धतीत वाढलेले महेशचंद्र प्यादी एकेक घर सरकवून, उंट बाजूच्या पट्टीवर ठेवून बचाव करत. तीच मांडणी जगाने पुढे इंडियन डिफेन्स म्हणून स्वीकारली. आज किंग्ज इंडियन खेळणारा कुणीही त्या उंटाशेजारी किल्लेकोट करतो तेव्हा देशी आणि विलायती दोन्ही पद्धती एकाच कोपऱ्यात नांदत असतात. मीर सुलतान खान हा पंजाबातला माणूस देशी नियमांवर वाढला, विलायती नियम मोठेपणी शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. त्याची सुरुवात कच्ची असे आणि मध्यडाव जबरदस्त. हे त्या दोन पद्धतींमधल्या अंतराचेच लक्षण. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे ५८ वर्षांनी!

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली १९५५ साली, आंध्रातल्या एलुरूला. पहिले विजेतेपद विभागून गेले ते आपल्या रामचंद्र सप्रे यांना आणि आंध्रच्या डी. वेंकय्या यांना. मराठी आणि तेलुगू माणसांनी मिळून या नव्या नियमांच्या खेळाची सुरुवात केली, म्हणायला हरकत नाही. १९८१ साली आशियाई महिला अजिंक्यपद हैदराबादला भरले तेव्हा रोहिणी खाडिलकरने १२ पैकी साडेअकरा गुण मिळवून ते जिंकले. हीच रोहिणी १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली होती आणि त्यावरून गदारोळ उठला होता. प्रकरण फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेले आणि त्यांनी निर्णय दिला की स्त्रियांना या स्पर्धांतून वगळता येणार नाही. 'असा रूल नाही' म्हणणारे तेव्हाही होतेच. आणि २०२५ च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत समोरासमोर होत्या नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी. एलुरूच्या सप्रे-वेंकय्यांना बरोबर ७० वर्षे झाली होती. या वेळी मात्र मान विभागला गेला नाही, दिव्या जिंकली.

म्हणजे नवे नियम घेऊन आपले नुकसान झाले, असे मी मुळीच म्हणणार नाही. जगाशी खेळायचे तर जगाचे नियम घ्यावे लागतात. घरोघर वेगळे नियम असते तर सप्रे आणि वेंकय्या एका पटावर बसू शकले नसते. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'त (१९७७) इंग्रजी पद्धतीचा खेळ हा गुलामीची चाहूल म्हणून येतो. अवध हातचे जाते आणि ते दोघे नवाब शेवटी इंग्रजी नियमांनी डाव मांडतात. चित्रपट म्हणून ते अप्रतिमच आहे. पण मला त्या प्रतीकाच्या आहारी जावेसे वाटत नाही. आपण तो खेळ घेतला आणि त्यांच्यापेक्षा चांगला खेळून दाखवला. यात लाज ती कसली?

खंत आहे ती वेगळीच. नवे घेताना जुने आपण निदान लिहून तरी ठेवायचे होते. ते 'इल्लीगल' ठरवून टाकले आणि मोकळे झालो. आणि आता गंमत पाहा. २०१९ च्या डिसेंबरात माजी विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिक याने एक सूचना मांडली : किल्लेकोट काढून टाकूया! त्याचे म्हणणे असे की संगणकाच्या अभ्यासामुळे सुरुवातीच्या चाली पाठ झाल्या आहेत, राजे लगेच आपापल्या किल्ल्यात जाऊन बसतात आणि खेळातली धग जाते. राजा सुरक्षित करणे कठीण झाले तर लढाई लवकर पेटेल आणि माणसांना पुन्हा स्वतःच्या डोक्याने खेळावे लागेल. डीपमाइंडच्या अल्फाझीरो या संगणकाकडून त्याने हा खेळ पारखून घेतला. मग २०२१ च्या जुलैत जर्मनीतल्या डॉर्टमुंडला क्रामनिक आणि आनंद यांच्यात किल्लेकोटाविना चार डावांचा सामना झाला. आनंदने तो अडीच विरुद्ध दीड असा जिंकला. जगभर कौतुक झाले, काय नावीन्यपूर्ण कल्पना! आणि आपल्या एकाही वर्तमानपत्राने मला दिसेल असे लिहिले नाही की अहो, किल्लेकोटाविना बुद्धिबळ हे तर आमच्या आजोबांच्या सोप्यावर रोज चालायचे, वर राजाला एक उडीही असायची.

आता क्रामनिकचे म्हणणे पटते का, असे कुणी विचारले तर माझे उत्तर नाही असे आहे. बॉबी फिशरने १९९६ साली सोंगट्यांची सुरुवातीची मांडणीच चिठ्ठी टाकून ठरवायचा नवा प्रकार जगापुढे ठेवला, सारा जुना अभ्यास उधळून लावला, पण किल्लेकोट मात्र त्यानेही ठेवला. बलाढ्य वजीर ठेवायचा आणि राजाचा आसरा काढून घ्यायचा, हे तराजूचे एकच पारडे उचलण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांनी तसे केले नाही. त्यांनी किल्लेकोट घेतला नाही, पण उडी दिली आणि प्याद्यांचा वेगही कमी ठेवला. नियम सुटा नसतो, तो बाकीच्या नियमांना बांधलेला असतो. क्रामनिकने आपल्या देशी खेळाकडे पाहिले असते तर त्याला आयता, पिढ्यान्पिढ्या खेळून पारखलेला पर्याय मिळाला असता. पण त्याने तो पाहावा कुठे? आपण तो कुठे ठेवलाय?

म्हणून 'आपला खेळ परत आला' या वाक्यावर टाळ्या वाजवायला माझे हात उठत नाहीत. अभिमान बाळगायचा तर माहिती हवी. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल, आजोबा, पणजोबा, एखादी बुद्धिबळ खेळलेली आत्या, तर त्यांच्यासमोर पट मांडा आणि विचारा. राजाची उडी कधी मारायची? शह लागून गेला असेल तर चालायची की नाही? उडी मारताना समोरची सोंगटी मारता यायची का? प्यादे घराला लागले की काय व्हायचे? सुरुवातीला राजासमोर राजा असे की वजीर? जे सांगतील ते तसेच, त्यांच्या शब्दांत, गावाच्या नावासह एका वहीत लिहून काढा. दोन घरांतले नियम जुळणार नाहीत. न जुळू देत, तीच खरी नोंद. हैदराबादच्या माझ्या स्नेह्यांना मी हेच सांगून आलो आहे, आणि क्लासवाल्या नातवालाच लिहायला बसवा असेही. अक्षर वाईट आहे म्हणतात. चालेल.